ओली की सुकी

कोलशेतच्या आमच्या घरमालकिणीला सगळा गाव ‘बय’ म्हणायचा. बय म्हणजे आई. तिच्याकडे भाड्याने जागा बघायला मी पहिल्यांदा गेले तेव्हा ती अंगणात व्हीलचेअरवर बसून कोळंबी सोलत होती. मी शिष्टाचाराला धरून विचारलं, “तुम्हीच मालकीणबाई का?” तिने आधी आपल्या डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, मग मान वळवून मागे. “तुमी कोन गो? मी तं एकलीच हाय.” त्या दिवसापासून माझं तिच्याशी अगं-तुगं सुरू झालं, आणि ती जाऊन वर्ष होत आलं तरी मनातल्या मनात ते चालूच आहे.

मी घोडबंदर रोडवरच्या एका विमा कंपनीत कायदा विभागात काम करते. मूळची साताऱ्याकडची, एकटी राहणारी आणि शाकाहारी. यातल्या शेवटच्या दोन गोष्टी बयला एकाच दुखण्याची लक्षणं वाटत. “मासली खात नाय, लगीन करत नाय. मंग दिवसभर करतेस तरी काय?”

“नोकरी करते की.”

“ती तं समदीच करतात,” असं म्हणून ती विषय संपवायची. आपल्या बाजूने संपवलेला विषय दुसऱ्या दिवशी पुन्हा काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

बयच्या आगरी बोलीत ‘ड’चा, कधी ‘ढ’चाही ‘र’ व्हायचा, ‘ळ’चा ‘ल’ आणि ‘आणि’चा नुसता ‘ना’. हे कळायला मला वेळ लागला, आणि तो काळ फार आनंदाचा गेला, निदान तिच्यासाठी तरी. नवीन असताना एकदा ती मला म्हणाली, “पोरी, लय दिस जालं, मना खारी दाव गो.” मी संध्याकाळी ऑफिसातून येताना बेकरीतून अर्धा किलो खारी घेऊन आले. बयने ती चहात बुडवून खाल्ली, तोंड पुसलं आणि म्हणाली, “बेस होती. आता ती दुसरी दाव. पान्याची.” तिला ठाण्याची खाडी बघायची होती. ही गोष्ट तिने गावातल्या प्रत्येक लग्नात सांगितली. त्यामुळे कोलशेतमध्ये माझी ओळख बरीच वर्षं ‘खारीवाली बाय’ अशी होती.

तरुणपणी ती मिठागरावर राबलेली. डोक्यावर मिठाची पाटी घेऊन चालण्याने मान अशी ताठ झालेली की पुढे जमिनींना भाव आले, शेतांवर टॉवर उभे राहिले, मुलाने दुमजली घर बांधलं, तरी ती कधी वाकली नाही. मग साठीनंतर मणक्याचं एक ऑपरेशन झालं आणि कमरेखालचं अंग तिचं ऐकेनासं झालं. पायांचं दुःख तिने केलं असेल, पण मला ते कधी ऐकवलं नाही. ऐकवला तो हॉस्पिटलचा राग. तिथले लोक म्हणे तिला न विचारता उचलायचे. आपसात क्रिकेटवर बोलत यायचे, एक डोक्याकडून धरणार, एक पायाकडून, आणि हिला इकडून तिकडे ठेवून पुढच्या ओव्हरवर बोलत निघून जाणार.

“मना मिठाचं पोतं केलं मेल्यांनी,” बय सांगायची. “आमी पोतं उचलतानी पन आदी आवाज द्यायचो.”

घरी आल्यावर तिने सगळ्यांना गोळा करून जाहीर केलं, “आता खांद्याव चरीन ती एकदाच. तवर मना कोनी उचलायची नाय.”

आणि हे तिने पाळलं. मुलाने सुताराकडून एक गुळगुळीत फळी करून घेतली होती. पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर बय त्या फळीवरून हातांच्या जोरावर सरकत जायची. कपाळावर घाम यायचा, ओठ दाताखाली जायचा, पण मदतीला पुढे झालेल्याच्या हातावर चापट बसायची. मीही ती खाल्लेली आहे. मिठागरावरच्या हाताची चापट म्हणजे काय असते ते मग मला दिवसभर कीबोर्डवर आठवत राहिलं.

मुलाने आणलेल्या बॅटरीवरच्या खुर्चीला ती ‘गारी’ म्हणायची. म्हणजे गाडी. गारीला उजव्या हाताशी एक दांडी होती. ती ढकलली की बय निघाली. तिने त्या खुर्चीला सायकलचा आरसा आणि जुन्या रिक्षाचा रबरी भोंगा लावून घेतला होता, खाली लिंबू-मिरची होती आणि पाठीमागे पुतण्याने रंगवून दिलं होतं, ‘बघतोस काय, बाजूला हो’. दसऱ्याला गारीची पूजा व्हायची. पुतण्याच्या टेम्पोच्याही आधी व्हायची, कारण टेम्पो नुसता माल वाहतो आणि गारी ‘मानूस’ वाहते, असं तिचं म्हणणं होतं.

तिचं हे वाहन चालवणं मला सुरुवातीला समजायचं नाही. नव्या सोसायट्यांच्या मधल्या सरळ, पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावरून ती जात असायची आणि मध्येच, काही कारण नसताना, काटकोनात वळायची. थोडं पुढे जाऊन परत वळायची. मागच्या गाड्या हॉर्न वाजवून थकायच्या. एकदा मी तिच्याबरोबर चालत होते तेव्हा विचारलं, “बय, अशी नागमोडी का जातेस?”

“बांधाबांधाने जातंय,” ती म्हणाली. “भातातून कोन गारी घालतं?”

जिथे तिचं आणि भाऊबंदांचं शेत होतं, तिथे तिच्या डोळ्यांना अजून बांध दिसत होते. त्या शेतात आता इटालियन नावाचा एक उंच टॉवर आहे. त्याच्या गेटवर नवीन वॉचमन आला की बय मुद्दाम तिकडे जायची. तो विचारायचा, “किसके यहाँ जाना है?” आणि बय सांगायची, “माज्या शेतात.” वॉचमन रजिस्टरमध्ये फ्लॅट नंबर शोधत बसायचा. तोवर बय भोंगा वाजवून आत.

पण बयचा खरा रुबाब बघायचा तो लग्नात. ती धवलारीण होती. आगरी लग्नात भटजी नंतर येतो, आधी धवलारीण लागते. ती मांडवाला, हळदीला, तेलाला गाऊन देवांना बोलावते. त्या गाण्यांना धवले म्हणतात. देवांपासून गावच्या वेशीपर्यंत कुणाला बोलवायचं राहिलं तर तो रुसतो, म्हणून सगळं तोंडपाठ लागतं. बय पांढरं लुगडं नेसून, गारीत ताठ बसून मांडवात शिरली की डीजेवालासुद्धा आवाज कमी करायचा. मांडवाच्या एकेका खांबापाशी ती स्वतः जायची, थांबायची, गायची. आवाज जाडाभरडा होता आणि गोड तर मुळीच नव्हता, पण तो सुरू झाला की आता खरंच कुणीतरी यायला निघालंय असं वाटायचं. मी देवभोळी नाही. तरी मी दरवाजाकडे बघायचे.

अशा बयच्या थोरल्या नातीने बंगळुरूला नोकरी धरली आणि तिथलाच एक मुलगा पसंत केला. लग्न तिकडे. नात फोनवर म्हणाली, “बय गाणार नसेल तर मी हळद लावून घेणार नाही.” बय म्हणाली, “मी येनार. माज्या गारीव येनार.”

घरात यावर बराच खल झाला. रेल्वेने तिला झेपणार नव्हतं, तेव्हा विमान. पण विमानात तिची खुर्ची कशी जाणार? मुलगा समजावत होता, “बय, तिकडे आपण दुसरी खुर्ची भाड्यानं घेऊ. मी ढकलीन.”

“धवलारीन मांडवात सोताच्या पायांनी जाते,” बय म्हणाली. तिने गारीच्या दोन्ही चाकांवर थापा मारल्या. “माजे पाय ह्ये. पाय घरी ठेवून ना दुसऱ्याचे लावून जाऊ?”

शिवाय तिने कळव्याच्या एका लग्नाला आधी शब्द दिला होता. त्यामुळे घरची मंडळी पुढे गेली आणि बय हळदीच्या दिवशी सकाळच्या विमानाने जाणार असं ठरलं. सोबतीला मी. माझी निवड का झाली, तर मला इंग्रजी येतं आणि ‘कायदा येतो’. मी विमान कंपनीला रीतसर कळवलं. खुर्चीचं वजन, लांबी-रुंदी आणि मुख्य म्हणजे बॅटरी. विमानवाल्यांना बॅटरीची फार धास्ती असते. ती ‘वेट’ असेल, म्हणजे आत पातळ ॲसिड असेल आणि गळण्याची शक्यता असेल, तर भानगड. ‘ड्राय’ असेल तर नाही. बयची ड्राय होती. मी तसं कळवलं आणि निर्धास्त झोपले. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक संकटांच्या आधी मी अशीच निर्धास्त झोपलेली असते.

विमानतळावर आम्ही पोचलो ते पुतण्याच्या टेम्पोतून, कारण गारी दुसऱ्या कशात बसत नव्हती. वर जायच्या रॅम्पवर पोलिसाने अडवलं. “मालाची गाडी इकडे नाय. माल काय हाय?”

मागच्या हौद्यातून बयचा भोंगा वाजला. “मीच हाय माल. उतरू दे.”

पोलिसाने सॅल्यूट ठोकला की घाम पुसला ते मला दिसलं नाही, पण फळ्या लावून बय खाली उतरेपर्यंत तो ट्रॅफिक थोपवून उभा राहिला. आतला तो अफाट गुळगुळीत हॉल बघून ती थबकली. बराच वेळ फरशीकडे बघत राहिली आणि मला म्हणाली, “येवरी मोकली जागा. कोनाची शेतं व्हती गो हिकरं?” मला ते माहीत नव्हतं. आजवर ते विचारावं असं मला सुचलंही नव्हतं.

काउंटरवर एक चष्मेवाला अधिकारी होता. त्याने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं, मग वाकून गारीकडे पाहिलं, पुन्हा कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. “मॅडम, सॉरी. ही खुर्ची लोड नाही करता येणार. बॅटरी वेट आहे.”

“ड्राय आहे,” मी म्हणाले. “मी स्वतः कळवलंय.”

“ते दिसतंय. पण नंतर आमच्याकडून कन्फर्मेशनचा कॉल गेलेला. पॅसेंजर स्वतः बोलल्यात. वेट. आणि पुढे लिहिलंय, गळते.”

मी बयकडे वळले. “बय, तुला विमानवाल्यांचा फोन आला होता?”

“आयलेला की. बरी पोरगी व्हती. आपल्यातलीच वाटली.”

“काय विचारलं तिने?”

“मिक्सर चालू व्हता, पयलं काय बोल्ली ता ऐकू नाय आला. मंग इंग्लिशमधी काय बोल्ली. मी बोल्ली, मना समजंल असा बोल. मंग तिनं नीट इचारलं, आजी, ओली की सुकी? मी बोल्ली, सुकी हाय, ना येक ओली पन हाय.”

मी चष्मेवाल्याकडे पाठ केली. “आणि मग?”

“मंग इचारती, आजी, गलनार नाय ना? मी बोल्ली, बरफ हाय, तं गलनारच. मंग ठ्यांक्यू बोल्ली.”

“बय, कसली ओली?”

बयने माझ्याकडे अशी दया येऊन पाहिलं की मला खारीची आठवण झाली. “कसली म्हंजे? मासली. ओली की सुकी आजून कशाचं इचारतात?”

तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं. गारीच्या खालून फरशीवर थेंब पडत होते. चांगलं थारोळं जमत आलं होतं. अधिकारी दोन पावलं मागे सरला, त्याच्या मागचे चार. कुणीतरी वॉकीटॉकीवर सुपरवायझरला बोलवायला लागलं. रांग आपोआप गोल झाली आणि मध्ये आम्ही दोघी उरलो. बय अगदी शांत होती. तिने वाकून सीटखाली हात घातला आणि बॅटरीच्या शेजारी कोंबलेला थर्माकोलचा खोका ओढून मांडीवर घेतला. झाकण काढलं. बर्फात एक भलामोठा मासा आमच्या सगळ्यांकडे बघत होता.

चष्मेवाला पुढे आला. त्याचा आवाजच बदलला. “जिताडा?”

“खारीतला हाय. नातीच्या हलदीचा.”

“केवढा आहे!” तो म्हणाला. मग त्याला आपण नोकरीवर असल्याचं आठवलं. डोंबिवलीचा निघाला तो, खवय्या. त्याने स्वतः खाली बसून बॅटरीवरचं लेबल वाचलं, फोटो काढला, दोन ठिकाणी फोन केले आणि नोंद बदलून घेतली. सुकी मासळी पॅक करून सामानातून जाईल, बॅटरीही सुकी म्हणून जाईल, पण ओलीला त्याचा इलाज नव्हता. पुतण्याला फोन करून परत बोलावलं आणि जिताडा टेम्पोतून कोलशेतला रवाना झाला. “फ्रीजरला ठेव,” बय त्याला ओरडून सांगत होती. “ना तुज्या बायकोला हात लावू देऊ नको.” मासा दिसेनासा होईपर्यंत ती बघत राहिली. शाकाहारी असूनही मला वाईट वाटलं. हे मी तिला तेव्हा सांगितलं नाही. सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत तिने मला मासे खायला लावले असते.

सिक्युरिटीवाल्या बाईंनी गारीवरून कापसाचा बोळा फिरवला, मग लिंबू-मिरचीवर बोट ठेवून म्हणाल्या, “ये निकालो.” बय म्हणाली, “तूच काढ. पन मंग मना वर काय जालं तं तुज्यावर.” मी भाषांतर केलं. त्या बाईंनी लिंबू-मिरचीचा पुन्हा एकदा विचार केला आणि आम्हाला जायला सांगितलं.

विमानाच्या दारापर्यंत बय स्वतःच्या गारीवर गेली. तिथून मात्र गारी सामानात जाणार होती आणि बय एका अरुंद, पट्ट्यांच्या खुर्चीत. फळी लावून ती त्या खुर्चीत सरकली. तिथवर ठीक. दोन माणसांनी ती खुर्ची आत नेली. सौजन्य म्हणून तिला पहिल्या रांगेत जागा दिलेली. आणि तिथे सगळं अडलं. पहिल्या रांगेत हात ठेवायची दांडी वर होत नाही, ती पक्की असते. फळी लावायला वावच नव्हता. दांडीवरून उचलूनच तिला सीटवर ठेवावं लागणार होतं.

दोघांपैकी एक जण वाकला आणि बयच्या काखेत हात घालू लागला. बयने चापट मारली.

“आजी, उचलावं लागेल,” दुसरा म्हणाला. हा पिकल्या मिशांचा, शांत माणूस होता. “दुसरा रस्ता नाय.”

“खांद्याव चरीन ती एकदाच,” बय म्हणाली. “तवर कोनी उचलायची नाय.”

हवाईसुंदरी आली. इंग्रजीत, मग हिंदीत समजावून, मग हसून बघितलं. मागच्या रांगांतले लोक माना उंच करून बघायला लागले. उशीर होतोय, असं कुणीतरी मोठ्याने म्हणालं. मी खाली बसून बयचा हात धरला आणि मला धक्काच बसला, कारण मदतीच्या हाताला चापट मारणाऱ्या तिने माझा हात घट्ट धरून ठेवला. टॉवरच्या गेटवर भोंगा वाजवणारी, पोलिसाला गप्प करणारी बय घाबरली होती. विमानाला नाही. एवढ्या लोकांसमोर पुन्हा पोतं व्हायला ती घाबरली होती. मला रडू येत होतं आणि माझ्याजवळ एकही कायदा नव्हता. मी म्हणाले, “बय, नको. उतरूया. आपण घरी जाऊ.”

संध्याकाळी तिकडे नात हळदीला बसणार होती. बय त्या मिशीवाल्याकडे बघत होती. मग एकदम तिने विचारलं, “कुटला तू?”

“कल्याणचा, आजी.”

“तुना भाची हाय का?”

तो गोंधळला. “हाय की. दोन हायत.”

“लगीन जालं?”

“मोठीचं झालं. गेल्या साली.”

“मांडवात कोनी नेली तिला?”

“मी. मामाच नेतो ना, आजी,” तो म्हणाला. मग जरा लाजून पुढे म्हणाला, “उचलून नेली. वजनदार हाय माझी भाची.”

बयचा चेहरा हळूहळू सैल झाला. लग्नात नवरीला मामा उचलतो. त्यात कुणी पोतं होत नाही. ती तिच्या मानाची गोष्ट असते, आणि मामाच्याही. हे बयइतकं कुणाला ठाऊक असणार? तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, मान ताठ केली आणि म्हणाली, “मंग तू ये. मामा होऊन ये. ना मी गायला लागली का उचल.”

आणि भर विमानात बयने धवला धरला. सगळे शब्द मला कळले नाहीत. मामा कळला, भाची कळली, मांडवाचं दार कळलं. मिशीवाल्याने खांद्याशी हात घातला, त्याच्या जोडीदाराने गुडघ्यांखाली, आणि तिला न हिसकावता, गाण्याच्या लयीत उचलून सीटवर ठेवलं. मघाशी उशीर होतोय म्हणणारे गृहस्थ मोबाइलवर शूटिंग करत होते. धवला अर्धवट सोडत नाहीत म्हणून बयने तो पुरा केला. विमान त्यामुळे आणखी थोडं थांबलं.

“मामा,” ती शेवटी म्हणाली, “तुजा मान द्यायचा राह्यला. कोलशेतला ये. जितारा फ्रीजरला हाय.”

बंगळुरूला उतरतानाही तेच. तिथल्या माणसाला मराठी येत नव्हतं, तरी बयने भाची आहे की नाही हे माझ्याकडून इंग्रजीत विचारून घेतलं. त्याला होती. सामानाच्या पट्ट्याशी गारी आली ती आरसा मोडून. बयने दांडी ढकलली. गारी हलेना. इतकं सगळं करून आता हळदीत हिला कुणीतरी ढकलत नेणार, एवढंच मला दिसत होतं.

“मेली नाय, रुसलेय,” बय म्हणाली. तिने मागे हात नेऊन चाकाशी एक खटका ओढला. सामानवाल्यांनी गारी ढकलायला सोपी जावी म्हणून मोटर सोडवून ठेवली होती. गारी गुरगुरली आणि निघाली. बयने भोंगा वाजवून पाहिला. तो शाबूत होता.

हळद झाली. बय स्वतःच्या पायांनी मांडवात शिरली, खांबाखांबापाशी थांबली, गायली. नवऱ्याकडची मंडळी कट्टर शाकाहारी. सुक्या मासळीची पेटी तीन पिशव्यांत गुंडाळून गच्चीवर ठेवावी लागली, तरी मुलाची आई सारखी हवा हुंगत होती. पण बय गायला लागली तेव्हा त्याच बाई दरवाजाकडे बघताना मी पाहिल्या.

मिशीवाला मामा खरंच आला कोलशेतला. बायकोला आणि धाकट्या भाचीला घेऊन आला. बयने त्याला टॉवेल-टोपी दिली, जिताडा वाढला आणि मला समोर वरणभात घेऊन बसवलं. “ही आमची खारीवाली,” तिने ओळख करून दिली. “हिच्यामुलं सगला घोल जाला. मासलीतला काय बी कलत नाय हिला.” घोळ माझ्यामुळे कसा झाला, हे मी विचारलं नाही. मामा त्यानंतर दर सणाला यायला लागला.

मागच्या वर्षी बयला पोटाचं दुखणं लागलं आणि ऑपरेशन ठरलं. त्यातून ती उठली नाही. ज्या एकदाच्या खांद्यावर चढणार होती, त्यावरही चढली. मुलगा होता, पुतण्या होता आणि कल्याणहून धावत आलेल्या मामाने पुढचा खांदा कुणाला दिला नाही. पण मला रोज आठवते ती त्याआधीची दुपार.

ऑपरेशनसाठी तिला पलंगावरून ट्रॉलीवर घ्यायचं होतं. फळी घरी राहिली होती आणि हातांत पूर्वीचा जोर नव्हता. एक उंच माणूस आला, सवयीने वाकला, आणि बयने त्याच्या हातावर हात ठेवला. चापट नव्हती ती. नुसता हात ठेवला.

“तुना भाची हाय का?” ती विचारत होती. आवाज अगदी खोल गेलेला.

त्याला कळेना. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, “सांगा त्यांना. भाची आहे का तुम्हाला?”

“नाही हो, आजी,” तो म्हणाला. “मला बहीणच नाही.”

बयने डोक्यावरचा पदर सारखा केला.

“आता हाय,” ती म्हणाली, आणि दोन्ही हात वर केले.